गाडी त्याची, बेत तिचा: ट्रेसी चॅपमनचं 'फास्ट कार' आणि ल्यूक कोम्स

पाणकणीस (धागाकर्ती) | सोमवार, ५ फेब्रुवारी २०२४

काल रात्री ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतल्या संगीत पुरस्कारांचा सोहळा, लावलं होतं. लावलं होतं म्हणजे टीव्ही चालू आणि मी सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालतेय. निम्मे कलाकार मला ओळखूही येत नाहीत आता. तेवढ्यात पडद्यावर नुसती बोटं आली. गिटारच्या दांडीवरची बोटं, चेहरा नाही, आणि ती ओळखीची चार-सहा सुरांची फिरकी. हातातला टॉवेल तसाच राहिला. मग कॅमेरा हळूहळू वर गेला आणि ट्रेसी चॅपमन दिसली, 'फास्ट कार' लिहिणारी आणि गाणारी. पिकलेल्या केसांच्या बटा, काळा शर्ट, आणि आपल्यालाच हसू आवरत नाहीये असा चेहरा. सभागृहात जो कल्ला झाला तो ऐकून माझा मुलगा खालून वर आला, कुणी गोल केला का बघायला.

शेजारी उभा होता ल्यूक कोम्स. (आडनावातला 'ब' इथे कुणी उच्चारत नाही, म्हणून मीही लिहीत नाही.) ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: कोम्स हा आजच्या कंट्री संगीतातला (म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या संगीतातला) फार मोठा गायक आहे, जन्म १९९०चा. आमच्या नॉर्थ कॅरोलायनातलाच, अ‍ॅशव्हिलला वाढलेला. मी शार्लटला राहते, तिथून दोन तासांवर. पेट्रोल पंपावर, मुलांच्या सॉकरच्या मैदानावर, टायरच्या दुकानात, सगळीकडे हा माणूस वाजत असतो. त्याने मार्च २०२३मध्ये आलेल्या 'गेटिन ओल्ड' या अल्बममध्ये चॅपमनचं १९८८चं 'फास्ट कार' गायलं आणि ते चढत चढत बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकाला गेलं. मूळ गाणं १९८८ला सहाव्यापर्यंत गेलं होतं.

पण धागा काढायचं कारण ग्रॅमी नाही. रात्री झोप येईना म्हणून दोन्ही गाणी चार-चारदा ऐकली आणि एक गोष्ट डोक्यात बसली. पस्तीस वर्षं सगळे, मीही, याला निघून जाण्याचं गाणं म्हणतोय. गाडी, वेग, शहराचे दिवे, चल पळून जाऊ. पण गोष्ट नीट ऐका.

बाई सांगतेय. बाप दारूत बुडालेला. म्हणतो, शरीर कामाचं उरलं नाही, पण वयाने तसा म्हाताराही नाही. आई त्याला सोडून गेलेली. कुणीतरी बघायला हवं म्हणून हिने शाळा सोडली. ती एका किराणा दुकानात काम करते, थोडे पैसे साठवलेत, बेतही तिनेच आखलाय. त्याच्याकडे काय आहे? गाडी. ते जातात. शहरात तिला दुकानात गल्ल्यावर काम मिळतं, त्याला काहीच मिळत नाही. ती म्हणते, मला बढती मिळेल, आपण निवाऱ्यातून बाहेर पडू, उपनगरात मोठं घर घेऊ. पुढच्या कडव्यात बिलं सगळी तीच भरतेय आणि तो रात्री उशिरापर्यंत बारमध्ये, पोरांपेक्षा मित्रांचीच तोंडं जास्त बघतोय. म्हणजे जिथून निघाली तिथेच येऊन बसली, फक्त बापाच्या जागी नवरा.

शेवटी ती काय म्हणते? मी कुठे जात नाही, तूच घे तुझी गाडी आणि जा. सुरुवातीला 'आपण' आज रात्री निघायचं की असंच जगत मरायचं, असा प्रश्न होता. शेवटी तोच प्रश्न आहे, पण त्यात 'आपण' नाही, 'तू' आहे. एवढा एक शब्द बदललाय. अख्ख्या गाण्यात ती एकदाही गाडी चालवत नाही हो. कायम बाजूच्या सीटवर.

आणि कोम्सने हे गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलं? चार-एक वर्षांचा असताना, वडिलांच्या ट्रकमध्ये, कॅसेटवर. तोही बाजूच्याच सीटवर.

तुम्हाला काय वाटतं? हे जाण्याचं गाणं आहे की राहण्याचं?

---

उंडगा | ५ फेब्रुवारी

पहिला! बाकी जाणकार येतीलच. मी सतरंजी टाकतो.

---

नाक्यावरचा | ५ फेब्रुवारी

गाण्याचं वाचन आवडलं. पण त्यात कोम्सचं कर्तृत्व काय ते कळलं नाही. मी आत्ता दोन्ही लागोपाठ ऐकली. तोच वेग, तीच रिफ (गिटारची ती सुरुवातीची फिरकी), तीच कडवी. ड्रम जरा भरीव, गिटारींचा थर जाड, आवाज घोगरा. बास. याला झेरॉक्स म्हणतात. कव्हर करायचं, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण गायचं, तर काहीतरी उलटंपालटं करा, राग बदला, लय बदला. २०१६च्या आसपास याच गाण्याचं जोनास ब्लू या डीजेने नाचायचं गाणं केलं होतं. ते मला मुळीच आवडत नाही, पण त्या पोराने निदान काहीतरी केलं तरी.

---

पाणकणीस | ५ फेब्रुवारी

नाक्यावरचे, झेरॉक्स म्हणालात त्यातच एक गंमत आहे. त्या बाईच्या नोकरीची जी ओळ आहे ना, मी दुकानात गल्ल्यावरची मुलगी म्हणून काम करते, ती कोम्सने आहे तशी ठेवली. 'गर्ल'. सहा फुटी, दाढीवाला, मासेमारीच्या शर्टातला गडी, कंट्री रेडिओवर, आणि म्हणतोय 'मी गल्ल्यावरची मुलगी'. 'बॉय' करणं किती सोपं होतं! यमकालासुद्धा धक्का लागला नसता. नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्रीच्या राजधानीत, असं बदलून घ्यायची पद्धत जुनी आहे, बाप्याने गायलं की इंग्रजीतल्या 'ही'चं (तो) 'शी' (ती) आणि उलट. त्याने नाही बदललं. माझ्या मते या कव्हरमधली सगळ्यात धाडसाची गोष्ट हीच, जे केलं नाही ते.

---

बोरूबहाद्दर | ५ फेब्रुवारी

यात आपल्याला नवल वाटू नये खरं तर. आमच्या गावच्या भजनात गवळण सुरू झाली की झुपकेदार मिशांचे, सत्तरीचे बुवा 'मी यमुनेला पाण्याला जाते' म्हणतात आणि कुणाच्या भुवया वर होत नाहीत. विराण्या तर ज्ञानेश्वरांपासून पुरुषांनीच लिहिल्यात आणि पुरुषांनीच गायल्यात. गाणारा कोण आणि बोलणारं पात्र कोण हे वेगळं असतं, हे आपल्या कानांना उपजत कळतं. अमेरिकेच्या पॉपमध्ये गाणारा म्हणजेच 'मी' असं धरून चालतात, म्हणून ती ओळ तिथे कानाला टोचली असणार.

---

मंद्रसप्तक | ६ फेब्रुवारी

गिटारवाल्यांच्या वतीने चार शब्द. जरा तांत्रिक आहे, कंटाळा आला तर पुढे सरका.

कॅपो (गिटारच्या दांडीवर लावायचा चिमटा) दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे दुसऱ्या पट्टीवर. मग सी मेजर सेव्हन, जी, ई मायनर, डी असे चार आकार, आलटून पालटून, जवळजवळ अख्खं गाणं. पेटीवर बसून सांगायचं तर जी हा सा धरा. मग मुळाचे सूर होतात म, सा, ध, प. म्हणजे चक्र सुरू होतं मध्यमावर आणि थांबतं पंचमावर. षड्ज मधे येतो, पण दाराशी चप्पल काढायलासुद्धा थांबत नाही, लगेच पुढे. पंचमावर आलं की कान म्हणतो आता सा, आता सा. आणि येतो परत मध्यम. गाडी फिरतेय, फिरतेय, घर लागत नाही. पाणकणीसताई जे शब्दांबद्दल म्हणतात ते तिने बोटांनी आधीच सांगून टाकलंय.

दुसरं, धृपद किती उशिरा येतं ते बघा. चांगली दोनेक मिनिटं नुसती कडवी. बाप, आई, शाळा, पैसे, सगळा हिशोब मांडून होतो, मग कुठे ती आठवण येते: आपण गाडीत होतो, वेग इतका की नशा चढल्यासारखं, तुझा हात माझ्या खांद्यावर. आणि तिथेच ड्रम पूर्ण ताकदीने शिरतो. कडव्यात वर्तमानकाळ, धृपदात भूतकाळ. पळून गेल्याचं सुख हे अख्ख्या गाण्यात 'मला आठवतं' या क्रियापदानेच येतं, आत्ता घडताना एकदाही नाही. रेडिओसाठी गाणी लिहिणाऱ्या कुणालाही विचारा, दोन मिनिटं धृपद न देणं म्हणजे गिऱ्हाईक हातचं घालवणं. डेव्हिड कर्शनबाम या निर्मात्याने त्याला हात लावला नाही, त्याचे उपकार.

नाक्यावरचे, झेरॉक्सबद्दल अर्धा सहमत. पण ही रिफ हलवली तर गाणं उरतच नाही. बांधकामाची भिंत आहे ती, पडदी नव्हे. कोम्सला तेवढं कळलं हे कमी नाही.

मी ती रिफ सदाशिव पेठेतल्या खोलीत कॅसेट मागे-पुढे करून बसवली होती. रिवाइंडचं बटण तुटलं त्यात. मग पेन्सिल.

---

उंडगा | ६ फेब्रुवारी

'दाराशी चप्पल काढायलासुद्धा थांबत नाही' याला दंडवत.

---

जुनाट_कॅसेट | ६ फेब्रुवारी

मी तिला प्रत्यक्ष ऐकलंय. थांबा, शिव्या घालू नका, सांगतो.

१९८८. मी नागपूरहून दिल्लीला शिकायला गेलेलो, दुसरं वर्ष. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला चाळीस वर्षं झाली म्हणून अ‍ॅम्नेस्टीने जगभर दौरा काढला होता, 'ह्यूमन राइट्स नाउ'. त्यातला एक कार्यक्रम ३० सप्टेंबरला दिल्लीत, जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, सेनेगलचा यूसू एन्डूर आणि ट्रेसी चॅपमन. होस्टेलवर सगळे स्प्रिंगस्टीनसाठी वेडे झालेले. चॅपमन कोण हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. तिचा पहिला अल्बम एप्रिलमध्ये आलेला, आमच्यापर्यंत कुठला पोचायला.

मी फार लांब बसलो होतो. एवढ्या मोठ्या मैदानात एक बारीकशी मुलगी, एक गिटार, मागे कुणी नाही. आधी आम्हाला वाटलं माइक तपासायला कुणी आलंय. माझ्या शेजारचा शेंगदाणे सोलत होता. तिने सुरू केलं आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की सोलण्याचा आवाज बंद झालाय. कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर, आता सांगता येणार नाही. आवाज आठवतो. खर्जातला, आणि कुणाचीही मनधरणी न करणारा.

पुढे कळलं की त्याआधी जूनमध्ये लंडनला वेम्बलीवर मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात असंच घडलं होतं. तिचं गाणं होऊन गेलेलं. स्टीव्ही वंडरच्या वाद्याची हार्ड डिस्क सापडेना, तो रंगमंचावर न जाताच परत फिरला, आणि मधली वेळ भरायला हिला पुन्हा गिटार घेऊन पाठवलं. त्यात तिने 'फास्ट कार' म्हटलं आणि जगभरच्या टीव्हीवर लोकांनी बघितलं. चोविशीतली पोरगी. वर्ष-दोन वर्षांपूर्वीपर्यंत बोस्टनजवळ हार्वर्ड स्क्वेअरमध्ये रस्त्यावर गात होती.

तिच्या गावाबद्दलही कुणीतरी लिहायला हवं. क्लीव्हलंड, ओहायो. ती वाढली त्या सत्तरच्या दशकात तिथले कारखाने मोडीत निघत होते, १९७८मध्ये तर अख्खी महानगरपालिकाच बँकांचं कर्ज मुदतीत फेडू शकली नाही. गाण्यातला बाप त्या गावात शेकड्याने असणार. ती स्वतः शिष्यवृत्तीवर कनेक्टिकटच्या शाळेत गेली, मग टफ्ट्स विद्यापीठात मानववंशशास्त्र. म्हणजे ती निघाली, सुटली. गाणं मात्र न सुटलेलीचं लिहिलं.

---

नाक्यावरचा | ६ फेब्रुवारी

जुनाटकाका, हेवा वाटतो तुमचा.

पण आता मूळ दुखण्यावर येतो, कारण सगळे फारच गोड बोलताहेत. २०२३च्या जुलैत 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये यावर लेख आला होता आणि बराच गदारोळ झाला. मुद्दा साधा होता. तेच गाणं, तेच शब्द, तीच रिफ. गोऱ्या गड्याने गायलं तर कंट्री रेडिओवर पहिला नंबर. काळ्या बाईने आज नॅशव्हिलला जाऊन हेच गायलं असतं तर कुठल्या स्टेशनने वाजवलं असतं? जुलै २०२३मध्ये हे कव्हर कंट्री एअरप्लेच्या, म्हणजे रेडिओवर वाजणाऱ्या कंट्री गाण्यांच्या, यादीत पहिलं आलं तेव्हा चॅपमन ही एकटीच्या लेखणीवर तिथे पोचलेली पहिली काळी स्त्री ठरली. पहिली! २०२३मध्ये! नोव्हेंबरात कंट्री म्युझिक असोसिएशनने तिला 'साँग ऑफ द इयर' दिलं, तेही कुठल्याही काळ्या गीतकाराला पहिल्यांदाच. पस्तीस वर्षांचं जुनं गाणं, 'या वर्षीचं'. मला यात टाळ्या वाजवण्यासारखं दिसत नाही, लाज वाटण्यासारखं दिसतं.

---

पाणकणीस | ६ फेब्रुवारी

आकडे बरोबर आहेत, लाजही बरोबर आहे. फक्त ती लाज कोम्सच्या पदरात घालायची की रेडिओवाल्यांच्या, हा प्रश्न.

तो काही धुतल्या तांदळासारखा नाही. पूर्वी एका व्हिडिओत कॉन्फेडरेट झेंड्यासह (गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा झेंडा) दिसला होता, त्याबद्दल २०२१मध्ये त्याने जाहीर माफी मागितली. सारवासारव न करता मागितली असं मला तेव्हा वाटलं होतं, पण मी या बाबतीत बाहेरचीच. इथे माझ्या ऑफिसातली एक काळी मैत्रीण आहे, तिला मी आज जेवताना विचारलं. म्हणाली, माझी आई हे गाणं भांडी घासताना म्हणायची, मला त्याचं ऐकायचं नाही, पण तो वाईट गातो असंही नाही. आणि सॅलड खायला लागली. यापुढे मी काय बोलणार.

---

बोरूबहाद्दर | ७ फेब्रुवारी

थोडं अवांतर, पण संबंध आहे. 'कंट्री म्हणजे गोऱ्यांचं' ही वाटणी संगीतातून आलेली नाही, दुकानातून आलीय. बॅन्जो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचं. १९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेतलं संगीत विकायला घेतलं तेव्हा याद्या दोन केल्या, काळ्यांसाठी 'रेस रेकॉर्ड्स' आणि गोऱ्या खेडुतांसाठी 'हिलबिली'. वाजवणारे एकमेकांचं ऐकून वाजवत होते, कॅटलॉग मात्र वेगळे. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या नावाजलेल्या रेडिओ कार्यक्रमाच्या पहिल्या मोठ्या कलाकारांपैकी एक होता डीफोर्ड बेली, काळा, माउथ ऑर्गनवाला. १९६९मध्ये लिंडा मार्टेल ही काळी गायिका तिथे गायली. म्हणजे माणसं होती, फळीवर जागा नव्हती.

आणि गाण्याचा विषय बघा: दारुडा बाप, गाडी, बेताची मजुरी, गाव सोडण्याची आस. कंट्रीचा सगळा मालमसाला. हे पहिल्यापासून कंट्रीच होतं, फक्त १९८८ला त्याला 'फोक' असं लेबल लावलं.

---

नाक्यावरचा | ७ फेब्रुवारी

'माणसं होती, फळीवर जागा नव्हती.' यावर मात्र मान्य. तरी झेरॉक्सचा शब्द मागे घेत नाही.

---

गल्लीतला_वकील | ७ फेब्रुवारी

कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच लिहितो: परवानगी घेतली होती का? अमेरिकेत कव्हरला मूळ गीतकाराची परवानगी लागतच नाही. एकदा गाणं ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलं की ठरलेलं मानधन भरून कुणीही ते गाऊ शकतो. सीडीला किंवा डाउनलोडला २०२३चा दर १२ सेंट. चालीचा मूळ बाज मात्र बदलायचा नाही. नाक्यावरचे, तुम्हाला हवी तशी उलटापालट जास्त केली असती तर उलट परवानगी लागली असती!

तुकडा उचलून आपल्या गाण्यात वापरणं, म्हणजे सॅम्पलिंग, याला मात्र परवानगी लागते, आणि चॅपमन ती देत नाही याबद्दल प्रसिद्ध आहे. रॅपर निकी मिनाजने तिच्या गाण्याचा भाग विचारला, हिने नाही म्हटलं, तरी ते रेडिओवर वाजलं. चॅपमन कोर्टात गेली. शेवटी २०२१मध्ये साडेचार लाख डॉलर देऊन मिटलं. म्हणजे बाई मवाळ आहेत, कुणीही यावं आणि घेऊन जावं, असं कुणी समजू नये.

कोम्सच्या कव्हरबद्दल तिने निवेदन काढलं होतं, कंट्रीच्या याद्यांत आपण दिसू असं कधी वाटलं नव्हतं, पण मान वाटतो, आणि नव्या लोकांना गाणं सापडलं याचा आनंद आहे, अशा अर्थाचं. पैशाचं म्हणाल तर शब्द, चाल, हक्क सगळं तिचं एकटीचं. बिलबोर्डने गेल्या जुलैतच या कव्हरमुळे तिला पाच लाख डॉलरच्या आसपास मिळाले असतील असा अंदाज दिला होता.

आपल्याकडेही तरतूद आहे, कॉपीराइट कायद्याचं कलम ३१-सी, २०१२च्या दुरुस्तीतलं. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबायचं आणि दर वर्षी किमान पन्नास हजार प्रतींचं मानधन आगाऊ भरायचं. ज्यांनी ऐंशीच्या दशकात स्वस्तातल्या 'व्हर्जन' कॅसेट ऐकल्यात, मुखपृष्ठावर मूळ गायकाचा फोटो आणि आत भलताच आवाज, त्यांना ही दुरुस्ती किती उशिरा आली ते कळेल.

---

ताटातलं_मीठ | ८ फेब्रुवारी

मी इथे वाचनमात्र असते. आज लिहिते.

१९९६ला न्यू जर्सीला आलो. दिरांनी कागद केले होते. ह्यांना पहिले सात-आठ महिने काम मिळेना, मला मिळालं, सुपरमार्केटात गल्ल्यावर. मी बी.कॉम. होते, पण तिथे त्याचा काय उपयोग. पहिल्या दिवशी एक कागद हातात दिला, भाज्या-फळांचे आकडे, पाठ करा म्हणाले. केळी ४०११. अजून झोपेत विचारलं तरी सांगेन. कोथिंबीर आणि पार्सली दिसायला सारखी, तिथे मात्र मी सगळ्यांपेक्षा हुशार ठरले, वास घेऊन सांगायची.

गाडी एकच, जुनी, हीटर बंद. मला चालवता येत नव्हती. हे रात्री दहाला घ्यायला यायचे. कधी साडेदहाला. कधी अकराला. मी काचेच्या दाराच्या आत उभी राहायची, बाहेर ट्रॉल्या साखळीने बांधलेल्या, आणि प्रत्येक दिवा वळला की वाटायचं आले. हे पीत वगैरे नव्हते, गैरसमज नको. फक्त घरी बसून बसून माणूस कडू झाला होता, आणि त्या उशिराबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

दुकानात छतातल्या स्पीकरवर दिवसभर गाणी. हे गाणं लागायचं. मला शब्द कळत नसत, इंग्रजी पुस्तकातलं येत होतं, गाण्यातलं नाही. पण एका ओळीवर बाकीच्या तिघी कॅशियर, एक काळी, एक पोर्तो रिकोची, एक पोलिश, एकदम मोठ्याने ओरडून गायच्या आणि हसायच्या. मला वाटायचं काहीतरी चावट असेल. बऱ्याच महिन्यांनी त्यातल्या एकीने सांगितलं, अगं, हे आपल्याबद्दल आहे, गल्ल्यावरच्या बाईबद्दल. मग पुढच्या वेळी मीही ओरडले.

तुमचा धागा वाचून काल कोम्सचं पहिल्यांदा ऐकलं. आधी मला तो काउंटरच्या पलीकडचा वाटला. असे खूप यायचे, टोपी, बूट, बिअरची खोकी. सामान पट्ट्यावर ठेवून फोनवर बोलत राहायचे, आपल्याकडे बघायचे नाहीत. ती ओळ येते तेव्हा मी थांबवणार होते. नाही थांबवलं. तो ती ओळ हसून नाही म्हणत, जोर देऊनही नाही. नुसती म्हणतो. बाकी मला संगीतातलं कळत नाही.

जाण्याचं की राहण्याचं, याचं माझ्याकडे उत्तर नाही. मी दाराच्या आत उभी असायची तेव्हा दोन्ही वाटायचं.

---

मंद्रसप्तक | ८ फेब्रुवारी

ताई, लिहीत जा हो.

---

जुनाट_कॅसेट | ८ फेब्रुवारी

वाचून थोडा वेळ उठून फेरी मारून आलो.

---

नाक्यावरचा | ९ फेब्रुवारी

झेरॉक्स मागे. पूर्ण नाही, पण बराचसा. परत ऐकलं, ती ओळ येईपर्यंत. 'नुसती म्हणतो' हे बरोबर आहे. असं नुसतं म्हणणं अवघड असतं, आमच्या एकांकिकांच्या वेळी दिग्दर्शक याच एका गोष्टीसाठी आमचा घाम काढायचे.

चॅपमनने एका मुलाखतीत म्हटलं होतं की हे गाणं खरं गाडीबद्दल नाहीच, सुरुवातच चुकीच्या जागेवरून झाल्यामुळे न टिकलेल्या नात्याबद्दल आहे. म्हणजे धागाकर्तीचं वाचन खुद्द बाईंच्या बऱ्यापैकी जवळ जातंय. मी मात्र अजूनही म्हणेन की ग्रॅमीत त्याने गप्प बसून तिला एकटीला गाऊ द्यायला हवं होतं.

---

पाणकणीस | १४ फेब्रुवारी

धागा वर काढतेय. ग्रॅमीनंतर मूळ गाणं पुन्हा हॉट १००मध्ये आलंय, ४२व्या क्रमांकावर. कव्हर नव्हे, १९८८चं. छत्तीस वर्षांनी.

नाक्यावरचे, ते चित्रण पुन्हा बघा आणि त्याच्या ओठांकडे लक्ष द्या. ती एकटी गाते तेव्हा तो माइकपासून बाजूला होऊन, आवाज न काढता, प्रत्येक शब्द म्हणतोय. नजर तिच्यावरून हलत नाही. शेवटी तिच्यापुढे वाकतो. त्याच्या लेखी अजून ट्रकच चालू आहे, आणि तो चार वर्षांचाच.

काल मुलाला शाळेतून आणताना दोन्ही लावली. मूळ गाणं संपल्यावर म्हणाला, मग ती बाई कुठे गेली? म्हटलं कुठेच नाही, तिथेच राहिली. म्हणाला, मग गाडी? म्हटलं, ती त्याची होती. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, तिने स्वतःची घ्यायला पाहिजे होती.

---

उंडगा | १४ फेब्रुवारी

मीठताई, एक विचारायचं राहिलं. लायसन्स काढलंत की नाही शेवटी?

---

ताटातलं_मीठ | १५ फेब्रुवारी

काढलं की. १९९८ला, तिसऱ्या खेपेला. पॅरलल पार्किंगमध्ये दोनदा नापास.